वहीतली तूट

६ मे २०२१ रोजी हवाई राज्यातल्या ओआहू बेटावर, होनोलुलू शहराला खेटून असलेल्या एका डोंगराच्या पोटात, एका टाकीतून दुसरीत विमानाचे इंधन सोडण्याचे काम चालू होते. झडपा उघडण्याचा क्रम चुकला, वाहिनीत अचानक दाब उसळला आणि दोन जोड निखळले. बोगद्यात इंधन आले. अमेरिकी नौदलाने जाहीर केलेला आकडा होता १,६१८ गॅलन, म्हणजे सहा हजार लिटरच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक गोळा केले असेही सांगितले गेले. खरे सांडले होते २० हजार गॅलनच्या घरात. जवळपास ७५ हजार लिटर.

बाकीचे गेले कुठे? बोगद्यात आग विझवण्याची यंत्रणा होती, तिचे सांडपाणी जमण्यासाठी खड्डा होता, आणि खड्ड्यावर आपोआप चालू होणारे पंप होते. पंपांना पाणी आणि इंधन यांतला फरक कळत नाही. त्यांनी ते उपसून छताखालून जाणाऱ्या एका निचरा-नळीत ढकलून दिले. नळी भरली, वजनाने झोळली आणि तशीच राहिली.

इथे थोडे गणित करू. रेड हिल नावाच्या या डोंगरातल्या एकेका टाकीचा व्यास आहे सुमारे ३० मीटर. एवढ्या घेराच्या टाकीतून ७५ हजार लिटर कमी झाले, तर पातळी उतरते जेमतेम दहा सेंटिमीटर. टाकीची उंची ७६ मीटर. म्हणजे हाताच्या वितीहून कमी उतार, वीस मजली इमारत मावेल अशा टाकीत. पण उतार होता, आणि नोंदीत होता. टाकीत किती होते, किती पाठवले, किती पोचले, हे तिन्ही आकडे समोर होते आणि ते जुळत नव्हते. ही तूट कुणीही शेवटपर्यंत लावून धरली नाही.

जमिनीखालच्या इंधनटाक्यांच्या गळतीची जेवढी प्रकरणे वाचली, त्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे. गळती आधी वहीत दिसते आणि मग विहिरीत. मधल्या काळात, तो कधी काही आठवड्यांचा असतो आणि कधी काही वर्षांचा, वही ज्याच्या हातात असते तो गप्प असतो, आणि पाणी ज्याच्या ओंजळीत असते त्याला वही ठाऊक नसते. माती-पाण्याच्या तपासाचे शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे. ते पुढे येईलच. पण तपास उशिरा सुरू होतो तो यंत्रे नाहीत म्हणून नव्हे.

रेड हिलच्या बाबतीत तर गंमत अशी, की वही नौदलाची, विहीर नौदलाची आणि ते पाणी पिणारी बहुतेक कुटुंबेही सैन्यदलांतलीच होती. तरी वहीतली गोष्ट विहिरीपर्यंत पोचली नाही.

*

या डोंगराचे जुने हवाईयन नाव कापूकाकी. पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला डिसेंबर १९४१ मध्ये. त्याच्या वर्षभर आधीच, डिसेंबर १९४० मध्ये, इथे खोदकाम सुरू झाले होते. बंदराशेजारी उघड्यावर उभ्या असलेल्या तेलटाक्या शत्रूच्या विमानांना आयते सावज ठरतील, ही भीती त्यामागे होती. १९४३ मध्ये काम पुरे झाले. खडक कोरून बनवलेल्या वीस टाक्या, प्रत्येकीत सव्वा कोटी गॅलन, सगळ्या मिळून २५ कोटी गॅलन. आपल्या हिशेबात सुमारे ९५ कोटी लिटर. आतून पाव इंच जाडीचा पोलादी पत्रा, त्यामागे काँक्रीट, त्यामागे डोंगर. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९९५ मध्ये या कामाला ऐतिहासिक बांधकामाचा मान दिला, आणि अभियांत्रिकी म्हणून तो वाजवीच होता.

मात्र टाक्यांच्या तळापासून अवघ्या १०० फुटांवर, म्हणजे ३० मीटर खाली, भूजल आहे. ओआहूला बाहेरून पाणी येत नाही. कूलाऊ डोंगररांगेवर पडणारा पाऊस ज्वालामुखीच्या खडकातून झिरपत खाली जातो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक जाड थर तरंगत राहतो. होनोलुलू शहर त्या थरावर जगते. त्याच्याच डोक्यावर नौदलाने ऐंशी वर्षे इंधन साठवले, आणि टाक्यांपासून थोड्याच अंतरावर, त्याच बोगद्याच्या तोंडाशी, पिण्याच्या पाण्याची आपली विहीरही खणली.

जानेवारी २०१४ मध्ये पाच नंबरच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन इंधन नाहीसे झाले. दुरुस्ती करून टाकी नुकतीच पुन्हा भरली होती. ठेकेदाराची जोडकामे सदोष होती आणि ती कुणी नीट तपासली नव्हती. पातळीतला उतार या खेपेला चौदा सेंटिमीटर. पुढच्या वर्षी केंद्राची पर्यावरण संस्था, राज्याचे आरोग्य खाते आणि नौदल यांच्यात सुधारणेचा करार झाला. त्या कराराखाली नौदलानेच करून घेतलेल्या जोखमीच्या अभ्यासात एक आकडा होता: कोणत्याही एका वर्षात एक हजार ते तीस हजार गॅलनांची गळती होण्याची शक्यता २७.६ टक्के. घरात दर चार वर्षांनी एकदा आग लागेल असे कुणी लेखी दिले, तर आपण त्या घरात गॅसचे सिलिंडर साठवत बसू का? तिथे साठा चालूच राहिला.

मग २० नोव्हेंबर २०२१. मे महिन्यापासून इंधन पोटात घेऊन झोळलेल्या त्या निचरा-नळीला बोगद्यातून जाणाऱ्या छोट्या गाडीचा धक्का लागला. नळी पोलादाची नव्हती, पीव्हीसीची होती. झडपेपाशी ती फुटली आणि इंधन कित्येक तास बोगद्याच्या फरशीवर कोसळत राहिले. दोन दिवसांनी नौदलाने सांगितले की पाणी आणि इंधन यांचे सुमारे १४ हजार गॅलन मिश्रण सांडले आणि ते आवरले आहे. फरशीखाली पाणी मुरवण्यासाठी खडीचा चर होता. त्यातून काही हजार गॅलन विमानाचे इंधन जमिनीत आणि जमिनीतून विहिरीत उतरले. विहिरीचे पंप चालूच होते.

२८ नोव्हेंबरच्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. नळाला वास येतोय, पाण्यावर तेलाची तकाकी दिसतेय, अंघोळीनंतर मुलांच्या अंगावर पुरळ उठतेय, पोट बिघडतेय. या जाळ्यावर ९३ हजार लोक अवलंबून होते. पाणी वाईट असल्याची काही खूण नाही, मी आणि माझे कर्मचारीही हेच पितो, असे तळाच्या प्रमुखांनी कळवले. पुढे त्यांनी माफी मागितली. राज्याच्या आरोग्य खात्याने मात्र प्रयोगशाळेच्या अंतिम निकालाची वाट न पाहता, हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, असे सांगून टाकले. ५ डिसेंबरला विहिरीतून घेतलेल्या नमुन्यात डिझेल गटातली हायड्रोकार्बन्स निघाली अब्जांशात १ लाख ४० हजार भाग. राज्याची मर्यादा होती ४०० भाग. साडेतीनशे पट.

इथे नाकाबद्दल दोन शब्द. पाण्यातल्या इंधनाचा वास माणसाला फार कमी प्रमाणातही येतो, आणि प्रयोगशाळेचा निकाल यायला दिवस लागतात. जगभरच्या प्रकरणांत पहिली नोंद कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झालेली असते, बहुधा बाईच्या नाकाने, आणि पहिले उत्तर ‘तुम्हाला तसं वाटत असेल’ हे असते. वास हा पुरावा नव्हे हे खरे, पण तपास सुरू करायला तेवढे कारण पुरते.

*

आता दुसऱ्या बाजूची वही. होनोलुलूच्या नागरी पाणीपुरवठा मंडळाचे मुख्य अभियंता अर्नेस्ट लाऊ २०१४ पासून रेड हिलबद्दल धोक्याची घंटा वाजवत होते. दरीपलीकडे, सुमारे मैलभरावर, मंडळाची हलावा विहीर आहे. शहराच्या मुख्य भागाचे जवळजवळ २० टक्के पाणी तिच्यातून येत असे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला लाऊंनी ती बंद केली, पाठोपाठ आसपासच्या आणखी दोन विहिरीही. त्यांच्या पाण्यात तोवर इंधन आढळले नव्हते. पण पंप चालू ठेवले तर तेच दूषित पाणी शहराकडे ओढून आणतील, ही धास्ती होती.

ती खरी की खोटी, हे ठरवायचे कसे? भूगर्भातल्या तपासाचा सगळा गाभा या प्रश्नात आहे.

जमिनीखालचे पाणी कोणत्या दिशेला चालले आहे, हे कळायला किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. तिन्हींची पातळी समुद्रसपाटीपासून मिलिमीटरच्या हिशेबाने मोजायची, उतार काढायचा आणि उताराच्या दिशेने पाणी चालले असे मानायचे. वाळू-मातीत हे जमते. मुळात अडचण खडकात आहे. हवाईचा खडक म्हणजे एकावर एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे थर. काही थर गुळगुळीत आणि पोकळ नळ्यांनी भरलेले, काहींच्या वर-खाली दगडगोट्यांचा चुरा आणि मध्ये घट्ट कातळ. पाणी चुऱ्यातून धावते आणि कातळात अडते, भेग सापडली की वळते. नौदलाचे म्हणणे साधारण असे, की डोंगराच्या सोंडेने पाणी समुद्राकडे उतरते, आडवे दरी ओलांडून हलावाकडे जात नाही. लाऊंचे म्हणणे, हे तुम्ही पुरेशा विहिरी न खणताच ठरवले आहे. नौदलाने संगणकावर केलेल्या प्रवाहाच्या मांडणीने नियामक संस्थांचेही समाधान झाले नाही. २०२१ नंतर मग विहिरीमागून विहिरी खणल्या गेल्या. डोंगरमाथ्यावरून शेकडो फूट कातळ भेदत जायचे, म्हणजे एकेका विहिरीला वेळ आणि पैसा किती लागतो हे आपल्याकडे बोअर मारणाऱ्याला विचारावे.

निरीक्षण-विहिरीतून नमुना काढण्याचे काम बघण्यासारखे असते. विहीर म्हणजे हाताच्या पंजाएवढ्या व्यासाचा एक पाइप, खालच्या टोकाला बारीक चिरा पाडलेला. आधी एक फीत खाली सोडतात. तिच्या टोकाचे यंत्र तेलाला लागले की एका सुरात वाजते आणि पाण्याला लागले की दुसऱ्या. दोन आवाजांमधले अंतर म्हणजे वर तरंगणाऱ्या इंधनाच्या थराची जाडी. ही जाडी फसवी असते, खडकातल्या प्रत्यक्ष थरापेक्षा विहिरीत ती जास्त दिसते, आणि नवशिके इथे साठ्याचा अंदाज भलताच फुगवतात. मग दोरीला बांधलेली पारदर्शक नळी अलगद सोडायची, बुडबुडा न येऊ देता भरून घ्यायची, आणि काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून झाकण असे लावायचे की आत हवेचा थेंब राहू नये. राहिला तर बेन्झीन पाण्यातून त्या हवेत जाईल आणि प्रयोगशाळेचा आकडा कमी निघेल. बाटली बर्फात ठेवायची. बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, किती वाजता, याची सही-शिक्क्यानिशी नोंद करायची. न्यायालयात टिकतो तो हा कागद.

बाटली प्रयोगशाळेत पोचली की वायुवर्णलेखनाच्या यंत्रातून इंधनाचा ठसा निघतो. पेट्रोल, विमानाचे रॉकेल, डिझेल यांचे ठसे वेगळे. जुने, मुरलेले इंधन आणि कालचे इंधन यांचेही वेगळे, कारण हलके अंश आधी उडून जातात किंवा जिवाणू ते खाऊन टाकतात. ‘हे आमचे नाही, आधीचेच असेल’ हा बचाव इथे टिकतो किंवा कोसळतो.

रेड हिलचा शेवट थोडक्यात सांगतो. संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी मार्च २०२२ मध्ये साठा कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये टाक्या उपसायला सुरुवात झाली आणि १० कोटी गॅलनहून अधिक इंधन हलवले गेले. नौदलाच्या चौकशीने ही घटना टाळता येण्याजोगी होती असे म्हटले. तीन निवृत्त रिअर ॲडमिरलना नापसंतीची पत्रे गेली. कुटुंबांनी भरलेल्या खटल्यात सरकारने जबाबदारी मान्य केली, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने नमुन्यादाखल निवडलेल्या १७ जणांना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरहून थोडी अधिक भरपाई दिली. खडकात मुरलेले इंधन अजून तिथेच आहे.

*

हवाईचे एवढे पुराण मराठी वाचकाला कशाला? कारण महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग तशाच खडकाचा आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हवाईचा त्यामानाने कालचा, त्यामुळे आपला खडक जास्त मुरलेला, भेगा मातीने आणि खनिजांनी भरलेला. हवाईइतके पाणी तो वाहू देत नाही. पण रचना तीच. वर मुरूम, त्याखाली कुठे विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र, ठिसूळ खडक, कुठे घट्ट काळा पाषाण, दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा. शेजारच्या शेतातली विहीर भरलेली असते आणि आपली कोरडी, याचे कारण हेच. पाणी ज्या वाटेने लागते, त्याच वाटेने पेट्रोलही लागते. दोनशे मीटरवरच्या विहिरीत वास आणि पन्नास मीटरवरची स्वच्छ, असे इथे होऊ शकते. तेवढ्यावरून पंपवाला निर्दोष ठरत नाही, आणि दोषीही ठरत नाही.

आता आपल्या रस्त्यावरचा पेट्रोल पंप घ्या. सकाळी विक्री सुरू होण्याआधी तिथला माणूस पितळेची लांब पट्टी घेऊन टाकीच्या तोंडाशी जातो, पट्टीला खडूसारखा लेप लावतो, ती सरळ खाली सोडतो, बाहेर काढून ओल कुठपर्यंत आली ते वाचतो. तक्त्यातून सेंटिमीटरचे लिटर होतात. घनता आणि तापमान घेऊन वहीत लिहिले जाते. अलीकडे बहुतेक ठिकाणी स्वयंचलित मापकही असतो. कालचा साठा, आलेला टँकर, झालेली विक्री, आजचा साठा. फरक आला तर वजा-जादा.

समजा, टाकीच्या तळाला गंज लागून सेकंदाला एक थेंब गळतो. दिवसाला होतात साधारण सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजारांहून अधिक. टाकीत दहा हजार लिटर पेट्रोल आहे आणि त्याचे तापमान एका अंशाने चढले किंवा उतरले, तर नुसत्या प्रसरण-आकुंचनाने दहा-बारा लिटरचा फरक पडतो. म्हणजे दोन-अडीच दिवसांची गळती एका अंशात लपून जाते. त्यात उडून जाणारी वाफ, टँकरमधली घट, मापात अडकलेला मिलिमीटर. अमेरिकेच्या नियमातही महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन इतका फरक गळतीचा संशय न धरता चालवून घेतला जातो. महिन्याला लाख लिटर विकणाऱ्या पंपाला हे जवळपास दीड हजार लिटर होतात. चोर अंधारात लपतो म्हणतात; हा चोर बेरजेत लपतो. पण एका दिवसात न दिसणारी गोष्ट सहा महिन्यांच्या वहीत दिसते. प्रसरणाचा फरक आज वजा, उद्या जादा. गळतीचा रोज वजाच. सलग वजा लागलेली वही वाचायला भूगर्भशास्त्र लागत नाही.

आणि दीड हजार लिटर म्हणजे किती? आजच्या भारतीय मानकाप्रमाणे पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त एक टक्का चालते. शंभर लिटर पेट्रोलमध्ये एक लिटर. रक्ताचा कर्करोग करणाऱ्या या द्रव्याची पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला दहा मायक्रोग्रॅम. कागदावर हिशेब केला तर ते एक लिटर बेन्झीन जवळपास नऊ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. सगळे बेन्झीन काही पाण्यात उतरत नाही, उडते, जिवाणूंच्या पोटात जाते, मातीला चिकटते. तरी प्रमाणाचा अंदाज यावा.

या जिवाणूंना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. १९८३ च्या अखेरीला अमेरिकेत ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने गळक्या टाक्यांचा विषय घरोघरी पोचवला, १९८४ मध्ये कायदा झाला आणि तेव्हापासून तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. इतक्या जागा तपासल्यावर कळले की बहुतेक ठिकाणी बेन्झीनचा पट्टा काही शे फुटांवर जाऊन थांबतो, कारण तिथले जिवाणू ऑक्सिजन वापरून तो खात असतात. ही दिलाशाची बाब. तिला छेद गेला तो कॅलिफोर्नियातल्या सान्ता मोनिकात. पेट्रोल स्वच्छ जळावे म्हणून त्यात एमटीबीई नावाचे द्रव्य घातले जात होते. ते पाण्यात सहज विरघळते, जिवाणूंना फारसे रुचत नाही आणि लांब पळते. १९९६ मध्ये या शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या, निम्म्याच्या आसपास पाणी गेले, आणि बाहेरून विकत पाणी घेण्याची वेळ आली. हवा वाचवायला घातलेले द्रव्य पाण्यात उतरले. कॅलिफोर्नियाने पुढे त्यावर बंदी घातली.

महाराष्ट्रात हे वाचताना इथेनॉल आठवायला हवे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि त्यातला काही वाटा आपल्या उसाच्या पट्ट्यातून जातो. इथेनॉल स्वतः पाण्यात फार काळ टिकत नाही, जिवाणू ते चवीने खातात. अडचण अशी की ते आधी इथेनॉल खातात, त्यात भोवतालचा ऑक्सिजन संपवतात, आणि बेन्झीन तसेच पुढे सरकते. पट्टा लांबतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या टाकीच्या तळाशी साचलेले पाणी गंजाला निमंत्रण देते. इथेनॉलला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला त्यातून पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. पण कारखान्यांच्या सभांतून इथेनॉलचे जेवढे गोडवे ऐकू येतात, त्याच्या शतांश तरी चर्चा टाक्यांच्या तळाची व्हायला नको का?

नियम आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय हरित लवादाच्या रेट्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर, अगदी अडचण असेल तर जादा सुरक्षेसह ३०. भूजल चार मीटरपेक्षा उथळ असेल तिथे टाकीला दुहेरी कवच. १६५ लिटरहून जास्त गळती झाली तर यंत्रणांना कळवणे बंधनकारक. माती-पाणी बिघडले तर तेल कंपनीने तज्ज्ञ संस्थेकडून ते सुधारून द्यायचे. सूचना चांगल्या आहेत, पण त्यांचा भर नव्या पंपांवर आहे आणि कळवायचे कुणी, तर ज्याच्या हातात वही आहे त्यानेच. सेकंदाला थेंब या वेगाने १६५ लिटर व्हायला ३८ दिवस लागतात. तोवर वहीत तो रोजचा ‘किरकोळ फरक’ असतो. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात बोअरच्या पाण्यात इंधन उतरले, भारत पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीची गळती त्यामागे निघाली आणि प्रकरण हरित लवादापुढे गेले. तिथेही वर्दी दिली ती रहिवाशांच्या बोअरने.

योगायोग असा की पेट्रोल साठवण्याचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि माती-पाण्याच्या शुद्धीकरणात देशात नाव असलेली नीरीही नागपुरातच. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा पुण्यात, आणि तिच्याकडे गावोगावच्या निरीक्षण-विहिरींच्या पातळीची वर्षानुवर्षांची नोंद आहे. टाकीची वही एका खात्याच्या कक्षेत, विहिरीची दुसऱ्या. या दोन वह्या एका टेबलावर आणायला नवा कायदा लागत नाही. भूजल उथळ आहे अशा प्रत्येक जुन्या पंपाच्या आवारात, उताराच्या बाजूला, एक निरीक्षण-विहीर, वर्षातून दोनदा तिचा नमुना, आणि साठ्याच्या फरकाचा तिमाही गोषवारा भूजल यंत्रणेला व ग्रामपंचायतीला. एका टँकरच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

तोवर तुमच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पंपाजवळचे असेल आणि त्याला रॉकेल-पेट्रोलचा वास आला, किंवा वर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर ते उकळून पिऊ नका. उकळल्याने बेन्झीन पाण्यातून स्वयंपाकघराच्या हवेत येते. टीडीएसच्या यंत्रावरही विसंबू नका, इंधन त्याला दिसतच नाही. नेहमीच्या पाणीतपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात. बेन्झीन, टोल्युइन आणि खनिज तेल यांची तपासणी वेगळी मागावी लागते, लेखी मागा. वास पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला ते लिहून ठेवा, काचेच्या बाटलीत काठोकाठ नमुना भरून थंड जागी ठेवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला व जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज देताना त्यात एक ओळ जरूर घाला: या पंपाच्या टाक्यांचा गेल्या बारा महिन्यांचा साठा-फरक आम्हाला दाखवा.